पडलेल्या झाडाला हात लावू नये



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्या गुरुजींनी हयातभर प्राथमिक शाळेत शिकवलं. वनस्पतिशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पण डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, आहुपे-भीमाशंकरच्या पट्ट्यात कुठल्या राईत जुना बेहडा आहे आणि त्याच्या कोणत्या ढोलीत यंदा कोण राहायला आलंय, याची त्यांना खबर असे. त्यांना ओळखणारे निम्मेअधिक लोक समोर बसले आहेत, तेव्हा त्यांच्याविषयी मी जास्त बोलणं बरं नव्हे.

संयोजकांनी विषय दिला, ‘आपल्या परिसरातलं रान आणि त्यातले जीव’. विषय मोठा आहे. तासाभरात सगळं सांगायचं म्हटलं तर त्याची यादी होते, आणि याद्या वाचायला वनखात्याचे फलक आहेत. म्हणून मी एकच धागा धरतो. आपल्याकडच्या देवरायांमध्ये बरेच दंडक होते. कुऱ्हाड न्यायची नाही, चपला बाहेर काढायच्या, शिकार करायची नाही. त्यातच एक दंडक असा, की पडलेल्या झाडालासुद्धा हात लावायचा नाही, वाळकी काटकी बाहेर न्यायची नाही. गावोगाव यात फरक आहे. कुठे होळीपुरतं लाकूड चालतं, कुठे देवाच्या भंडाऱ्याला चालतं, कोकणात कुठे देवाला कौल लावूनच घेतात. पण मूळ दंडक हाच. उभ्या झाडाला कुऱ्हाड लावू नये, हे कोणालाही पटतं. पडलेल्या लाकडाचं काय? ते मेलेलंच की. ते कुजवत ठेवण्यात काय शहाणपण? माझं म्हणणं असं, की रानातल्या जिवांच्या दृष्टीनं सगळ्या दंडकांमध्ये सर्वांत मोलाचा हाच होता. आणि तोच आपण सगळ्यांत आधी मोडायला घेतला आहे, तोही चांगल्या हेतूनं.

आधी आपल्या रानाची अडचण समजून घेऊ. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं, पुणे, ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांत पसरलेलं. घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आकडा ऐकायला बरा वाटतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून मोकळा होतो. पुढचे आठ महिने आभाळ कोरडं. खाली काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि त्यावर मातीचा थर बेताचाच. ही अडचण उघड्यावर दिसते ती सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळपठारावर. भादव्यात सडा सोनकी, तेरडा, गेंद आणि सीतेच्या आसवांनी भरून जातो. लोक गाड्या करून बघायला येतात. त्याच सड्यावर दिवाळीनंतर जा. पायाखाली पिवळं गवत करकरतं आणि खडक तापलेला असतो. तिथून पन्नास पावलांवर राई लागते. तोच पाऊस, तोच खडक. पण फेब्रुवारीत आत शिरलात की पाचोळ्याच्या वरच्या दोन थरांखाली बोटाला गारवा लागतो.

हा गारवा येतो कुठून? अंजन, जांभूळ, पिसा, हिरडा, आंबा यांची वरची छत्री ऊन अडवते, हे तर आहेच. पण अडवलेला ओलावा धरून ठेवणारं कोणीतरी खाली असावं लागतं. ते काम पाचोळा करतो आणि त्याहून अधिक काळ करतो तो कुजत पडलेला ओंडका. ओंडक्याचा गर पोकळ, सच्छिद्र झाला की तो पावसाळाभर पाणी पितो आणि पुढे महिनोन्‌महिने थोडं थोडं सोडतो. एप्रिलात अशा ओंडक्याचा एक तुकडा हातानं मोडून पिळून बघा. थेंब पडतीलच असं नाही, पण तळवा ओला होतो.

आता वरून खाली येऊ.

सगळ्यांत वरच्या मजल्यावर शेकरू. आपल्या राज्याचा हा मानाचा प्राणी, आणि भीमाशंकरचं अभयारण्य मुळात त्याच्याचसाठी. इथल्या फिकट रंगाच्या शेकरूचं शास्त्रीय वर्णन साइक्स या लष्करी अधिकाऱ्यानं १८३१ मध्ये केलं आणि मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या एल्फिन्स्टन यांचं नाव त्याला चिकटवलं. पिढ्यान्‌पिढ्या शेकरू म्हणून ओळखला जाणारा प्राणी एका सहीसरशी गव्हर्नराच्या नावावर झाला, असो. शेकरू जमिनीवर फारसा उतरत नाही. फांदीवरून फांदीवर वीसेक फुटांची झेप सहज घेतो. पण त्यासाठी झाडाच्या शेंड्याला झाडाचा शेंडा लागावा लागतो. मध्ये खिंडार पडलं की त्याला खाली उतरावं लागतं आणि खाली बिबट्या असतो, आणि हल्ली बिबट्यापेक्षा जास्त गावातली कुत्री असतात. जुन्या राईत अशा खिंडारांवर गारंबीचे वेल असतात, माणसाच्या मांडीएवढे जाड, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले. शेकरूला ते पूल होतात. राई ‘साफ’ करणारे पहिला कोयता घालतात तो याच वेलांवर, कारण वेल म्हणजे झाडाला त्रास, अशी आपली समजूत.

शेकरूची घरटी तुम्ही पाहिली असतील. बारीक फांद्यांच्या टोकाशी, काटक्या-पानांचा गोळा. एकाच शेकरूची अशी अनेक घरटी असतात, त्यामुळे घरटी मोजून शेकरू किती ते लगेच सांगता येत नाही. तो हिरडा खातो, उंबर खातो, आंबा खातो, साली सोलतो. आपल्या महादेव कोळी बंधू-भगिनींची बाळहिरड्याची कमाई आणि शेकरूचं पोट एकाच झाडावर अवलंबून आहे. कोवळा हिरडा झोडून वाळवायचा आणि विकायचा, हा या पट्ट्यातला रोख पैशाचा मोठा आधार. म्हणून हिरडा सहसा कोणी तोडत नाही. शेकरू वाचला त्यात कायद्याइतकाच वाटा या झाडाच्या बाजारभावाचाही आहे, हे मोकळेपणी मान्य करायला हवं.

मधला मजला ढोल्यांचा. इथून मेलेल्या लाकडाचं काम सुरू होतं. जिवंत, कठीण लाकडात बीळ कोरणं फार कमी पक्ष्यांना जमतं. सुतार पक्षी कोरतो. कुटुर्गाही कोरतो, ज्याचं कुटुर्र कुटुर्र हे पालुपद उन्हाळाभर कानावरून हटत नाही. पण कुटुर्ग्याची चोच काही छिन्नी नव्हे. तो वाळलेली, आतून मऊ झालेली फांदी शोधतो आणि बहुतेकदा तिच्या खालच्या अंगाला भोक पाडतो, म्हणजे पावसाचं पाणी आत जात नाही. हंगाम सरला की तो ते घर सोडतो. मग तिथे पोपट येतात, साळुंक्या येतात, दयाळ येतो, पिंगळा येतो. यांतल्या कोणालाच स्वतःचं बीळ कोरता येत नाही. एका वाळक्या फांदीवर एवढ्या बिऱ्हाडांची सोय असते, आणि आपण तिला ‘धोकादायक फांदी’ म्हणून उतरवतो.

धनेशाची गोष्ट याहून कडक. आपल्याकडे राखी धनेश, आणि खाली कोकणात महाधनेश आणि ककणेर. संगमेश्वर-देवरूखकडच्या देवरायांमध्ये त्यांची घरटी आजही सापडतात. धनेश स्वतः काहीच कोरत नाही. फांदी मोडून पडलेल्या जागी पाणी मुरतं, बुरशी लागते, आतलं लाकूड वर्षानुवर्षं कुजत जातं आणि ढोली तयार होते. मादी तिच्यात शिरते आणि स्वतःच्या विष्ठेनं दार लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढी फट ठेवून. आत ती अंडी उबवते, पिसं टाकते आणि सगळ्या घराची मदार बाहेरच्या नरावर असते. तो उंबर, पायर, नांदरुक यांची फळं आणून फटीतून भरवत राहतो. एवढ्या मोठ्या पक्ष्याला पुरेल अशी ढोली कोवळ्या झाडात होत नाही. तिला जुना, पोकळ बेहडा लागतो. अशी झाडं सरकारी रानात लाकूडतोडीच्या काळात ‘निकामी’ म्हणून गेली, मालकीच्या रानात कोळशाच्या भट्टीत गेली. उरली ती राईत, कारण तिथे देवाचा धाक होता.

आणि आता जमिनीवर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे फारसं कोणी रेंगाळत नाही.

एखादं जुनं जांभूळ आषाढाच्या वाऱ्यात पडलं असं धरा. पहिल्या वर्षी ते पडलेलं झाडच असतं. साल घट्ट, काही फांद्यांना पालवीसुद्धा फुटते. सालीखाली भुंगेऱ्यांच्या माद्या अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या लाकडात बोगदे काढू लागतात. कान लावला तर रात्री आतली कुरतड ऐकू येते. या बोगद्यांतून पाणी आणि बुरशी आत जाते. लाकडाला ताठपणा देणारं जे लिग्निन, ते नीट विरघळवणं जवळजवळ फक्त काही बुरश्यांनाच जमतं. सृष्टीत हे काम करणारे इतके थोडे आहेत, की ते नसते तर रानं स्वतःच्याच लाकडाखाली गाडली गेली असती. ओंडक्याच्या अंगावर फुटलेल्या पंख्यासारख्या छत्र्या आपल्याला दिसतात. त्या त्या बुरशीचं फळ. खरी बुरशी आत, धाग्याधाग्यानं पसरलेली.

मग वाळवी येते. वाळवीचं नाव काढलं की आपल्या डोळ्यांपुढे दाराची चौकट येते. पण वारूळ बांधणारी आपली वाळवी लाकूड खाऊन स्वतः पचवत बसत नाही. ती चावलेल्या लाकडाचे मधाच्या पोळ्यासारखे गोळे वारुळात रचते आणि त्यांवर एक बुरशी पिकवते. लाकूड बुरशी पचवते आणि वाळवी त्या पिकावर जगते. आणि पावसाच्या सुरुवातीला त्या बुरशीची छत्री जमीन फोडून वर येते, तीच आपली वारुळावरची अळंबी. आषाढात टोपलीभर अळंबी घेऊन येणाऱ्या बाईच्या मुलांच्या ताटात जे पडतं, ते दोन-चार वर्षांपूर्वी कुठेतरी पडलेल्या झाडाचं लाकूड असतं. शास्त्राच्या पुस्तकात याला मोठमोठी नावं आहेत. तव्यावर ते कांदा-मिठाबरोबर परतलं जातं.

वाळवीच्या मागे खवल्या मांजर येतं, ओंडके उकरत, वारुळं फोडत. हा प्राणी आता इतका विरळ झालाय, आणि खवल्यांच्या चोरट्या व्यापारापायी त्याच्यावर असं संकट आहे, की कुठल्या राईत दिसलं ते मी सांगणार नाही. तुम्हाला दिसलं तर तुम्हीही फोटो गावभर फिरवू नका.

चार-सहा पावसाळ्यांनी ओंडका बसका होतो. साल सुटते. आता तो उचकटला तर, आणि माझी विनंती आहे उचकटू नका, एका बाजूनं काठीनं हलकेच तिरपा करून बघा आणि तसाच परत ठेवा, तर खाली एक वेगळंच गाव असतं. गुंडाळी करून पडणारे पैसा किडे, गोमी, पिल्लं पाठीवर घेतलेली विंचवीण, गोगलगाई. मातीतून अर्धवट बाहेर आलेला खापरखवल्या, हा बिनविषारी साप गांडुळांवर जगतो आणि शेपटीचा शेंडा तासल्यासारखा असल्यानं लोक त्याला दुतोंड्या समजून मारतात. आणि नशीब असेल तर देवगांडूळ. हे गांडूळ नाही आणि सापही नाही, ते बेडकाच्या भाऊबंदांतलं. पाय नाहीत, डोळे कातडीखाली झाकलेले, अंगावर वळ्या. त्यातली एक जात खंडाळ्याहून मिळालेल्या नमुन्यांवरून १९६० साली शास्त्राला कळली आणि ती उत्तर सह्याद्री सोडून जगात कुठेच नाही. त्याची कातडी सतत ओली राहावी लागते. आठ महिने पाऊस नसलेल्या मुलखात असा प्राणी लाखो वर्षं कसा टिकला, याचं उत्तर त्या ओंडक्याखालच्या ओल्या मातीत आहे.

झुडपी बेडकांचंही असंच. पावसात संध्याकाळी राईत टक-टक-टक असा जो आवाज चारी बाजूंनी येतो, तो नखाएवढ्या बेडकांचा. यांना डबकं लागत नाही. पानावर किंवा गवतात अंडी घालतात आणि अंड्यातून शेपटीवाला बेडूकमासा न निघता थेट इवला बेडूक निघतो. अट एकच, हवेत दमटपणा टिकला पाहिजे. उत्तर सह्याद्रीतल्या अशाच एका जातीचं वर्णन २०१३ मध्ये झालं आणि तिला पुण्याचे प्राध्यापक डॉ. हेमंत घाटे यांचं नाव मिळालं. म्हणजे पुणे-मुंबईसारखी शहरं उशाला असताना, आपल्या अंगणातला बेडूक आपल्याला एकविसाव्या शतकात कळतोय.

रात्री या ओंडक्याचं आणखी एक रूप असतं. जून संपता संपता, दोन-चार दमदार सरी होऊन गेल्यावर, अमावस्येच्या आसपास राईत जायचं आणि बॅटरी बंद करून उभं राहायचं. पहिली पाच-दहा मिनिटं काहीच दिसत नाही. मग डोळे अंधाराला सरावतात आणि पायाजवळच्या काटक्या हिरवट उजळलेल्या दिसू लागतात. हातात घेतली तरी गरम लागत नाही, काटकी मोडली तरी तुकडे उजळतच राहतात. ही लाकूड कुजवणाऱ्या बुरशीची करामत. तिच्यातलं एक रसायन हवेतल्या प्राणवायूशी मिळून हा प्रकाश देतं. कशासाठी? ब्राझीलमधल्या एका चमकणाऱ्या छत्रीवरचे प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या छत्रीचा प्रकाश तिच्या आतल्या घड्याळानुसार रात्री वाढतो, असं त्यात दिसलं. संशोधकांनी तशाच प्रकाशाच्या खोट्या छत्र्या रानात मांडल्या, तर त्यांच्याकडे किडे अधिक आले. किडे आले की बीजाणू पसरतात. आपल्या बुरशीचा हेतू तोच असेल, असं छातीठोक सांगता येत नाही, कारण प्रत्येक जातीचं गणित वेगळं असू शकतं. आता दर पावसाळ्यात हे बघायला भीमाशंकरला गर्दी होते. काही मंडळी चमकणारी काटकी खिशात घालून घरी नेतात. घरी ती वाळते आणि विझते.

काजव्यांबद्दल थोडंच सांगतो, कारण त्यांचं कौतुक वर्तमानपत्रं दर मे महिन्यात करतातच. झाडावर लखलखणारा काजवा आपल्या आयुष्यातले शेवटचे थोडे दिवस जगत असतो. त्याआधीचे महिने तो अळी म्हणून ओल्या पाचोळ्यात गोगलगाई खात काढतो. झाड राखलं आणि पाचोळा झाडून काढला, तर पुढच्या वर्षी झाड असेल, काजवे नसतील.

मेलेल्या लाकडावर किती जीव जगतात, याचा हिशेब फिनलंडमध्ये मांडला गेला आहे. तिथे मेलेल्या लाकडावर कुठल्या ना कुठल्या प्रकारे अवलंबून असणाऱ्या चार ते पाच हजार जाती निघाल्या, म्हणजे रानातल्या दर चार-पाच जातींतली एक. थंड मुलखात लाकूड शंभर-शंभर वर्षं कुजत असतं. आपल्याकडे ऊन-पावसानं ते फार लवकर मातीला मिळतं. म्हणून इथे एक ओंडका असून भागत नाही. आजचा संपेपर्यंत दुसरा पडलेला असावा लागतो आणि तिसरा पडण्याच्या बेतात म्हातारा होत उभा असावा लागतो. लावलेल्या रानात हे होत नाही. एका वर्षी लावलेली, एका वयाची, एका जातीची हजार झाडं, त्यांत ना म्हातारं ना मेलेलं. गिरिपुष्पाच्या नाहीतर ऑस्ट्रेलियन बाभळीच्या लागवडीत उन्हाळ्यात अर्धा तास उभं राहा. सावली असते, पण कुटुर्गा ओरडत नाही.

देवरायांकडे शास्त्राच्या नजरेनं पहिल्यांदा नीट पाहिलं ते पुण्याच्या डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी, सत्तरच्या दशकात. १९७६ साली पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा त्यांचा निबंध छापून आला. पुढे या दोघांनी महाराष्ट्रातल्या दोनशेहून अधिक रायांची यादी केली आणि नंतरच्या अभ्यासकांनी ती हजारांच्या घरात नेली. त्याच्याही आधी दामोदर कोसंबींनी मावळ भागातल्या देवींची ठाणी पायी फिरून पाहिली होती आणि या राया शेतीच्याही आधीच्या काळातल्या असाव्यात, असा तर्क मांडला होता.

इथे एक सावधगिरी. ‘आपल्या पूर्वजांना पर्यावरणशास्त्र ठाऊक होतं’ असं वाक्य अशा भाषणांत टाळी घेतं. मी ते म्हणणार नाही. पूर्वजांना धाक ठाऊक होता. कळमजाईच्या राईतली काटकी घरी आणली तर गुरं दगावतील, पोर आजारी पडेल, ही भीती होती. त्याच पूर्वजांनी राईच्या शिवेबाहेर भाताच्या राबासाठी ऐनाची कवळ अशी तोडली, की झाडाचा खुंट व्हावा. कित्येक राया बाईमाणसाला बंद होत्या, काही आजही आहेत, आणि त्याचं गोडवे गाऊन समर्थन करणं मला जमत नाही. पण भीतीचा परिणाम मात्र उरला. ज्यांना बुरशी, खापरखवल्या, देवगांडूळ यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांच्या हातून ते राखले गेले.

आता भीती ओसरली आहे. ती ओसरावी याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार तिच्या जागी जे आलं त्याबद्दल आहे. देव पूर्वी उघड्यावर होता, शेंदूर फासलेला तांदळा, वर झाडाची सावली. मग गावातली मुंबईला गेलेली मंडळी पैसा घेऊन आली. आधी पत्र्याची शेड, मग सिमेंटचं देऊळ, पुढे सभामंडप, मग कमान. काही ठिकाणी देवळाचा खर्च भागवायला राईतलीच झाडं विकली गेली. त्यानंतर ‘सुशोभीकरण’. ओंडके हलवा, वेल तोडा, पाचोळा गोळा करून पेटवा, पेव्हर ब्लॉक बसवा, दोन हॅलोजन लावा. श्रमदानाला शहरातून तरुण मुलं येतात, मनापासून राबतात. प्लॅस्टिक उचललं तर त्यांचे पाय धरावेत. पण दाताळं घेऊन राईचा पाचोळा ओढू लागली, की त्यांना थांबवणारं कोणी हवं. हॅलोजनखाली काजवा मादीला दिसत नाही आणि बुरशी माणसाला.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-अलिबागकडे किनाऱ्याला लागलं आणि घाट चढून आपल्या बाजूला आलं. रायगडात तर हजारो झाडं आडवी झाली. तिथल्या एका राईची गोष्ट सांगतो, गावाचं नाव घेत नाही. वादळात जुनी झाडं पडली आणि लगेच प्रश्न आला, लाकडाचं काय करायचं. रस्त्याकडची पडलेली झाडं व्यापाऱ्याला गेली. ओढ्यापलीकडची तशीच राहिली, ती काही श्रद्धेपोटी नव्हे, तिथे ट्रॅक्टर पोचत नव्हता म्हणून. काही वर्षांनी मी दोन्ही बाजू पाहिल्या. अलीकडे, जिथून लाकूड ओढून नेलं, तिथे ऊन थेट जमिनीवर आलं आणि रानमोडीनं माणूसभर उंचीचं झाकण घातलं. पलीकडे, आडव्या-तिडव्या खोडांच्या बेचक्यांत चांदाड्याची आणि जांभळाची रोपं वर आली होती. खोडांनी गुरांची वाट अडवली होती, म्हणून ती खाल्ली गेली नव्हती. एका कुजत्या खोडाच्या पोकळीत पिसोरीच्या लेंड्या होत्या. पिसोरी, म्हणजे सशाहून थोडं मोठं ते ठिपक्यांचं, हरणासारखं जनावर, दिवस अशाच पोकळीत दडून काढतं.

हे सांगितलं की गावात तीन हरकती हमखास येतात. पहिली, वाळवी घरात येईल. राईतल्या वाळवीला राईत पुरेसं असतं, आणि आपल्या घरातली वाळवी बहुधा आपल्याच भिंतीलगतच्या लाकडाच्या ढिगातून येते. दुसरी, साप-विंचू. ते आहेतच. चापडा साप कारवीत बसलेला असतो आणि पानात पान होऊन जातो. राईत काठी आपटत, पाऊलवाट धरून चालायचं, ओंडक्याखाली हात घालायचा नाही, एवढं पथ्य पुरतं.

तिसरी हरकत खरी आहे. एका राईजवळ मी हेच सांगत होतो, तेव्हा मोळी डोक्यावर घेतलेल्या एका आजींनी विचारलं, “मंग चुलीत काय घालू, तुमची बुरशी?” त्यांना ऐकवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. सिलिंडर घरात असतो, भरायला पैसे नसतात. आणि भरला तरी पावसाळ्यात घर उबदार ठेवायला, कपडे वाळवायला, भाकरीला चूल लागतेच. त्यामुळे राईचं लाकूड राखायचं असेल, तर राईबाहेर सरपणाची सोय आधी करावी लागते. गावाच्या सामूहिक जमिनीवर लवकर वाढणारी, छाटली की फुटणारी झाडं, आणि त्यांच्या छाटणीचा हक्क ज्यांच्या घरी चूल आहे त्यांना. वनहक्क कायदा २००६ साली आला, सामूहिक हक्क मिळालेली गावं आपल्या पट्ट्यातही आहेत. त्यांना हे आजही करता येईल. राईवर पहारा बसवून आजींची मोळी अडवायची आणि त्याच राईत सभामंडपाला मंजुरी द्यायची, असला न्याय नको.

राई एकटी पुरेशी नाही, हेही ध्यानात ठेवा. चार-पाच एकरांत ना धनेशाचं पोट भरतं, ना शेकरूचं कुळ टिकतं. दोन रायांच्या मधला ओढा, त्याच्या काठचे उंबर, बांधावरचे हिरडे, खासगी रानातले उरलेसुरले आंबे यांच्या आधारानं जीव एका राईतून दुसरीत जातात. बांधावरच्या म्हाताऱ्या झाडाचा सौदा होत असेल तेव्हा एकदा वर मान करून त्याच्या ढोल्या पाहा, एवढंच मालकाला सांगणं आहे.

१ मेची ग्रामसभा पावसाच्या तोंडावर येते, झाडं पडतात त्याच्या थोडी आधी. वादळात पडलेल्या झाडाचा निर्णय झाड पडल्यावर घ्यायला गेलं, तर समोर व्यापारी उभा असतो आणि हातात नोटा असतात. म्हणून तो आधी व्हावा. राईच्या शिवेआत पडलेलं झाड वाटेवर आलं असेल तर वाटेपुरतं कापून बाजूला सारायचं, बाकी जागचं हलवायचं नाही. वेल तोडायचे नाहीत, पाचोळा पेटवायचा नाही. ज्येष्ठ-आषाढात राईतले दिवे रात्री बंद. आणि सरपणासाठी वेगळी जागा ग्रामसभेनं ठरवून द्यायची. अशा ठरावाचा एक पानी मसुदा मी लिहून आणला आहे, प्रती संयोजकांकडे ठेवतो. त्यात दुरुस्त्या तुम्ही करायच्या आहेत, विशेषतः सरपणाच्या कलमात, कारण ते मला नीट जमलेलं नाही. आता प्रश्न असतील तर घेऊ.